घरच्या जाजमापासून ग्रीनपर्यंत : नवशिक्यांसाठी पटिंगचा अभ्यास

गोल्फच्या १८ होलांच्या मैदानाचा पार, म्हणजे चांगल्या खेळाडूकडून अपेक्षित असलेल्या एकूण फटक्यांचा आकडा, बहुधा ७२ असतो आणि तो ठरवताना प्रत्येक होलवर दोन पट, म्हणजे चेंडू होलकडे लोटण्याचे फटके, गृहीत धरलेले असतात. म्हणजे ७२ पैकी ३६ फटके ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर, पटर नावाच्या काठीने मारायचे असतात. खेळाचा निम्मा भाग असा चेंडू जमिनीवरून लोटण्यात जात असूनही नवा खेळाडू आपला बहुतेक सराव ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्यांची काठी, फिरवण्यावर खर्च करतो. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकची महिला गोल्फ स्पर्धा ज्यांनी पहाटे उठून पाहिली, त्यांना आठवत असेल की भारताची अदिती अशोक आपल्यापेक्षा कितीतरी लांब मारणाऱ्या खेळाडूंना ग्रीनवर गाठत होती. ती चौथी आली आणि पदक अवघ्या एका फटक्याने हुकले. ताकद कमी असलेल्या, उशिरा खेळू लागलेल्या किंवा वयाने मोठ्या माणसालाही ज्या कौशल्यात खरोखर वरचा दर्जा गाठता येतो, ते कौशल्य पटिंगचे आहे, असे मी मनापासून मानतो.

कोल्हापूर हे तालमींचे आणि फुटबॉलचे शहर आहे. येथे गोल्फकडे वळणाऱ्या अनेकांना नीट कापलेले ग्रीन रोज संध्याकाळी पायाखाली मिळत नाही. त्यांचा खरा खेळ सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्यात, तोही अधूनमधून होतो. या परिस्थितीत सरावाची आखणी कशी करावी, हा या लेखाचा विषय आहे. माझे सांगणे थोडक्यात असे की पटिंगमधील दिशा घरात शिकता येते, वेग मात्र ग्रीनवरच शिकावा लागतो. म्हणून दिशेचे सारे काम कोल्हापुरात, घरच्या फरशीवर पुरे करावे आणि ग्रीनवर जे थोडे तास मिळतात ते जवळजवळ सगळे वेगासाठी राखून ठेवावेत. बहुतेक जण याच्या उलट करतात. ते घरी काहीच करत नाहीत आणि पुण्याच्या सराव ग्रीनवर पोहोचल्यावर चार फुटांवरून एकामागून एक चेंडू मारत बसतात.

पुढील सूचना उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून लिहिल्या आहेत. डावखुऱ्या वाचकांनी डावे-उजवे बदलून घ्यावे.

पटर आपल्या मापाचा आहे का

दुकानात मिळणाऱ्या पटरची लांबी बहुधा ३३ ते ३५ इंच असते. खेळताना घालायचे बूट घालून, कमरेतून वाकून, हात खांद्यांखाली सैल सोडून उभे राहावे आणि तशा स्थितीत पटरचा तळ जमिनीवर सपाट टेकतो का ते दुसऱ्या कोणालातरी पाहायला सांगावे. पटरचे पुढचे टोक वर उचललेले राहत असेल आणि त्याखाली नाणे सहज सरकत असेल, तर तो पटर आपल्याला लांब होत आहे. लोखंडी दांडा कापून घेणे हे अवघड काम नाही. उद्यमनगरात ते कोणीही करून देईल, मात्र एका वेळी अर्ध्या इंचापेक्षा जास्त कापू नये, कारण दांडा आखूड झाला की टोकाकडचे वजन हाताला कमी जाणवू लागते आणि कापलेला भाग परत जोडता येत नाही.

पटरचे दोन ढोबळ प्रकार असतात. अरुंद पात्यासारखा तो ब्लेड आणि मागे रुंद पसरलेला तो मॅलेट. दांडा बोटावर आडवा तोलून धरला असता फेस, म्हणजे पटरची चेंडूला लागणारी सपाट बाजू, आकाशाकडे पाहत राहिला, तर तो पटर सरळ मागे-पुढे होणाऱ्या स्ट्रोकला (पटर फिरवण्याच्या हालचालीला) बरा पडतो. टोक खाली झुकले, तर किंचित कमानीत फिरणाऱ्या स्ट्रोकला. नवशिक्याने वरच्या बाजूला ठळक रेघ असलेला, फेस आकाशाकडे ठेवणारा मॅलेट घ्यावा असे माझे मत आहे. चेंडू फेसच्या मध्यावर लागला नाही तरी असा पटर हातात कमी वळतो. याहून अधिक विचार पटर विकत घेताना करण्याची गरज नाही.

घरातील जागा

घरात सुमारे दहा फूट लांबीची सरळ पट्टी मोकळी करावी. आपल्याकडच्या शहाबादी किंवा मोझाइक फरशीला बहुधा मोरीकडे किंवा दाराकडे थोडा उतार दिलेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. गवंड्याकडची पाणसळ मागून आणून दोन्ही दिशांनी लावून पाहावी. ती मिळाली नाही तर त्याच जागेवरून चेंडू दोन्ही टोकांकडून हळूच लोटून तो कोणत्या बाजूला झुकतो ते पाहावे. दिशेचा सराव सपाट जागेवरच करायचा असतो, कारण उताराने वळलेला चेंडू आणि चुकीच्या फेसने वळलेला चेंडू यांतला फरक नवशिक्याला ओळखता येत नाही आणि तो नसलेला दोष दुरुस्त करू लागतो.

जमिनीवर पातळ, ताणून बसणारे जाजम किंवा कृत्रिम हिरवळीची पट्टी अंथरावी. लांब केसांचा गालिचा टाळावा; त्यावर चेंडू अडतो आणि जोराने ढकलण्याची सवय लागते. घरात चपला काढून सराव करण्याकडे आपला स्वाभाविक कल असतो, पण जाड तळाच्या बुटांनी डोळे चेंडूपासून इंचभर वर जातात आणि पटरचा जमिनीशी होणारा कोनही बदलतो. म्हणून खेळायचे बूट स्वच्छ पुसून घरातही घालावेत. घरच्यांची समजूत ज्याने त्याने काढावी.

लक्ष्य म्हणून पेला किंवा वाटी ठेवू नये. होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो आणि आपल्या दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे, त्यामुळे अशी चार नाणी एका रांगेत टेकवून ठेवली की होलची अचूक रुंदी मिळते. ती खडूने जाजमावर आखून घ्यावी. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरहून कमी चालत नाही, म्हणजे होल चेंडूच्या अडीचपट रुंद असते. हे डोळ्यांनी एकदा पाहिले की ते वाटते तेवढे अरुंद राहत नाही.

उभे राहणे आणि पकड

पाय खांद्यांइतक्या अंतरावर, वजन दोन्ही पायांवर सारखे, चेंडू दोन पायांच्या मध्यापासून साधारण एका चेंडूच्या रुंदीइतका डाव्या पायाकडे. कमरेतून वाकावे, पाठीला पोक काढून नव्हे. यात सर्वांत महत्त्वाचे असते ते डोळ्यांचे स्थान. ओळंबा असल्यास त्याची दोरी नाकाच्या शेंड्याच्या वर, दोन डोळ्यांच्या मध्ये धरावी आणि लोळी, म्हणजे दोरीच्या टोकाचे वजन, कोठे येते ते पाहावे. ती चेंडूवर किंवा चेंडूच्या इंचभर आत, म्हणजे आपल्या पायांच्या बाजूला, यावी. ती चेंडूच्या पलीकडे जात असेल तर होलकडे जाणारी रेषा डोळ्यांना तिरकी दिसते आणि सरळ मारलेला चेंडूही वाकडा मारल्यासारखा वाटतो. ओळंबा नसेल तर दुसरा चेंडू त्याच जागेवरून खाली सोडून पाहावा.

पकडीचे अनेक प्रकार आहेत आणि जागतिक दर्जाचे खेळाडू ते सगळे वापरतात. दोन्ही तळवे समोरासमोर असावेत, ग्रिप, म्हणजे दांड्याची मूठ, डाव्या तळहाताच्या आयुष्यरेषेवरून जावी आणि दोन्ही अंगठे दांड्यावर सरळ खाली असावेत, एवढे पाळले की पुरे. डावे मनगट फटक्याच्या वेळी मोडत असेल, तर डावा हात उजव्या हाताच्या खाली घेऊन पाहावे. ही पकड पहिले काही दिवस विचित्र वाटते, पण ज्यांचे मनगट ऐकत नाही त्यांना तिचा फार उपयोग होतो. हाताचा दाब हलका असावा, आणि तो किती हलका आहे यापेक्षा फटका सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तो बदलत नाही ना, याकडे अधिक लक्ष द्यावे. लांब दांड्याचा पटर वापरणे नियमात बसते, मात्र तो किंवा त्यावरचा हात छातीला वा पोटाला टेकवून फटका मारण्यास १ जानेवारी २०१६ पासून बंदी आहे.

फेस सरळ ठेवण्याचा सराव

स्ट्रोक खांद्यांनी करावा. खांदे आणि दोन हात मिळून जो त्रिकोण होतो, तो न मोडता मागे-पुढे हलावा. कंबर, गुडघे आणि डोके स्थिर राहावे. चेंडू कोठे गेला हे पाहण्यासाठी मान लगेच वर करण्याची ओढ फार तीव्र असते आणि मान उचलली की डावा खांदा वर जातो, फेस उघडतो, म्हणजे उजवीकडे वळतो. चेंडू होलमध्ये पडल्याचा आवाज ऐकावा, तो पाहू नये, हा जुना सल्ला घरातल्या सरावात सक्तीने पाळावा.

चेंडू कोणत्या दिशेने निघतो हे ठरवण्यात फटक्याच्या क्षणी फेस कोठे पाहत होता याचा वाटा सर्वांत मोठा असतो. पटर कोणत्या मार्गाने आला याचा वाटा त्यामानाने लहान असतो. फेस एका अंशाने चुकला तर दहा फुटांवर चेंडू मध्यरेषेपासून सुमारे ५.३ सेंटिमीटर बाजूला जातो. होलची त्रिज्या ५.४ सेंटिमीटर आहे. म्हणजे सपाट जमिनीवर दहा फुटांचा पट होलमध्ये जाण्यासाठी आपल्याला जी मुभा आहे ती दोन्ही बाजूंना जेमतेम एकेका अंशाची आहे. हा एक अंश हातात बसवण्यासाठी घरात करण्यासारखे दोन सराव मला सर्वाधिक परिणामकारक वाटतात.

पहिल्यासाठी एक मीटर लांबीची पोलादी मोजपट्टी लागते. लक्ष्मीपुरीत किंवा उद्यमनगरात हार्डवेअरच्या दुकानात ती मिळते आणि तिची रुंदी साधारण ३ सेंटिमीटर असते. एका टोकापासून दहा सेंटिमीटरवर, बरोबर मध्यावर, ड्रिलने अगदी उथळ खळगा करून घ्यावा, म्हणजे चेंडू तेथे स्थिर बसतो. पट्टी सपाट जमिनीवर ठेवून चेंडू तिच्यावरून असा लोटायचा की तो दुसऱ्या टोकापर्यंत पट्टीवरून खाली उतरणार नाही. चेंडू खळग्यातून निघाल्यापासून नव्वद सेंटिमीटर पट्टीवर टिकला, तर त्याची दिशा एका अंशाच्या आत होती असे समजावे. पहिल्या संध्याकाळी बहुतेक चेंडू निम्म्या वाटेतच घसरतील. कोणत्या बाजूला घसरतात ते पाहावे: सतत उजवीकडे घसरत असतील तर फेस उघडा राहतो आहे, सतत डावीकडे घसरत असतील तर तो मिटतो आहे, आणि दोन्हीकडे सारखेच घसरत असतील तर बहुधा पकडीचा दाब फटक्याच्या मध्येच बदलतो आहे.

दुसरा सराव दाराचा. चेंडूच्या पुढे अर्ध्या मीटरवर दोन पेन्सिल सेल उभे करावेत आणि त्यांच्यामधले अंतर दहा रुपयांच्या दोन नाण्यांइतके, म्हणजे ५४ मिलिमीटर ठेवावे. चेंडूला दोन्ही बाजूंना साडेपाच मिलिमीटरच्या आसपास जागा उरते आणि सेल न पाडता तो पार गेला तर दिशा साधारण पाऊण अंशाच्या आत आहे. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. या सरावात पलीकडे होल आखू नये. होल दिसले की मन तेथे धावते आणि फेसकडे लक्ष राहत नाही. दार पार झाले, की त्या फटक्याचे काम झाले.

याच्या जोडीला चेंडू फेसच्या मध्यावर लागतो का हेही अधूनमधून तपासावे. चेंडूच्या पाठीमागे खडूचा ओला ठिपका लावून फटका मारला की फेसवर खूण उमटते. टोकाकडे किंवा टाचेकडे लागलेला चेंडू कमी अंतर जातो, आणि हाताने जोर बरोबर दिला असताना चेंडू आखूड का पडला हे अशा वेळी कळत नाही. रोज वीस मिनिटे पट्टी, दार आणि खडू यांना दिली तरी फरक पडतो. आठवड्यातून एकदाच दोन तास करण्यापेक्षा ती वीस मिनिटे अधिक मोलाची आहेत. तालमीत जोर-बैठका जशा रोजच्या असतात तसे हे आहे.

गच्चीवरचा उतार

जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या पावसात घराबाहेर काही करता येत नाही. ते महिने पट्टी आणि दारासाठी उत्तम. पाऊस उघडला की गच्ची वापरावी. गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी पन्हळीकडे उतार दिलेलाच असतो आणि त्यावर जाजम अंथरले की ग्रीनवरच्या सौम्य उतारासारखी जागा तयार होते. जाजम उताराला आडवे टाकावे, एका टोकाला चार नाण्यांच्या मापाचे वर्तुळ आखावे आणि दुसऱ्या टोकावरून तोच पट तीन वेगवेगळ्या वेगांनी मारावा. जोरात मारलेला चेंडू जवळजवळ सरळ जातो, मध्यम वेगाचा थोडा वळतो आणि जेमतेम पोहोचणारा चेंडू शेवटच्या दोन-तीन फुटांत एकदम खाली झुकतो. उतार तोच, होल तेच, तरी लक्ष्य तीन वेळा वेगळे घ्यावे लागले. पुढे ग्रीनवर उभे राहून रेषा ठरवताना ज्याला हे हाताने ठाऊक असते, तो आधी वेग ठरवतो आणि मग रेषा. ज्याला ठाऊक नसते तो रेषा ठरवतो आणि वेग नशिबावर सोडतो.

वेग

आता ग्रीनवर. ज्या दिवशी पुण्याला जायचे ठरेल, त्या दिवशी टी-ऑफच्या, म्हणजे खेळ सुरू करण्याच्या, वेळेआधी किमान पाऊण तास पोहोचण्याचे नियोजन करावे. येरवड्याचे पूना क्लबचे मैदान असो किंवा दुसरे कोणते, पाहुण्यांच्या प्रवेशाचे नियम आणि शुल्क आधी फोन करून विचारून घ्यावे, आणि कात्रजच्या बोगद्याजवळची वाहतूक हिशेबात धरावी. सराव ग्रीनवर मिळालेल्या वेळेपैकी पाऊण भाग लांब पटांना द्यावा.

वेगाला एवढे महत्त्व का, हे समजून घेणे आवश्यक आहे. हळू आलेला चेंडू होलच्या कडेला नुसता लागला तरी आत पडतो, वेगाने आलेल्या चेंडूला मात्र बरोबर मध्यावरूनच जावे लागते आणि तरीही तो मागच्या कडेवरून उडून जाऊ शकतो. म्हणजे योग्य वेगाच्या चेंडूसाठी तेच होल प्रत्यक्षात अधिक रुंद असते. दुसरीकडे, आखूड पडलेला चेंडू कोणत्याही परिस्थितीत आत जात नाही. म्हणून सपाट पटात चेंडू चुकला तर होलच्या पुढे एक ते दीड फुटावर थांबावा, असा वेग धरावा; उतरणीवर तो जेमतेम काठावर पोहोचेल एवढाच ठेवावा, कारण चुकलेला चेंडू खाली किती लांब जाईल याचा भरवसा नसतो.

अपेक्षाही वेगाशी जुळवून घ्याव्यात. जगातले उत्तम व्यावसायिक खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट होलमध्ये घालतात आणि तेहतीस फुटांच्या आसपास त्यांनाही सरासरी दोन पट लागतात. तीस फुटांवरून चेंडू आत गेला नाही म्हणून नवशिक्याने खट्टू होण्याचे कारण नाही. तो होलभोवतीच्या तीन फुटांच्या वर्तुळात थांबला, तर काम उत्तम झाले. नवशिक्याचे फटके वाया जातात ते लांबचा पट सहा-सात फूट आखूड किंवा पुढे राहिल्याने, एका ग्रीनवर तीन पट लागल्याने. हे फटके वाचवणे दहा फुटांवरून दोन जादा पट घालण्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे, आणि म्हणूनच मी वेगावर एवढा भर देतो.

वेग जोराने बदलू नये, पटर मागे किती नेला याने बदलावा. घरी जाजमावर चेंडूच्या मागे १५, ३० आणि ४५ सेंटिमीटरवर खडूच्या रेघा ओढून, प्रत्येक रेघेपर्यंत पटर मागे नेऊन एकाच लयीत फटके मारण्याचा सराव करावा. मागे जायला लागणारा वेळ पुढे चेंडूपर्यंत यायला लागणाऱ्या वेळेच्या साधारण दुप्पट असावा. मनात "एक-दोन, तीन" असे म्हणून ही लय सहज धरता येते. पटर लांब मागे नेऊन चेंडूजवळ येताना हात आवरता घेणे ही सर्वांत घातक सवय आहे, कारण आवरताना फेसही हलतो. जाजमावरचे अंतर ग्रीनवर लागू पडणार नाही हे खरे, पण तीन लांबींची सवय लागलेली असते.

सराव ग्रीनवर पहिली दहा मिनिटे होलकडे पाहूच नये. एका सपाट भागावर उभे राहून प्रत्येक लांबीचे चार-पाच फटके मारावेत, चेंडू कोठे थांबले ते पावलांनी मोजावे आणि तीन सरासऱ्या वहीत लिहाव्यात. उदाहरणार्थ, १५ सेंटिमीटरला चार पावले, ३० ला नऊ, ४५ ला पंधरा असे काहीतरी मिळेल. त्या दिवसाचे ग्रीन आता आपल्याला कळले. ग्रीनचा वेग मोजण्यासाठी मैदानांवर स्टिंपमीटर नावाची खाचेची पट्टी वापरतात. एडवर्ड स्टिंप्सन यांनी १९३५ मध्ये ती तयार केली आणि चेंडू तिच्यावरून ठरावीक कोनात सुटून सपाट ग्रीनवर किती फूट जातो, तोच त्या ग्रीनचा आकडा. आपली पावले हे आपले स्टिंपमीटर.

त्यानंतर ग्रीनच्या कडेकडे पट मारावेत. वीस, तीस, चाळीस फुटांवरून चेंडू कडेच्या उंच गवताला जेमतेम टेकेल असा मारायचा. होल नसल्यामुळे चेंडू आत गेला की नाही हा प्रश्नच उरत नाही आणि सारे लक्ष अंतरावर राहते. मग दोन-चार फटके चेंडूकडे न पाहता होलकडे पाहत मारावेत. हात अंतर किती लवकर ओळखतात हे पाहून नवल वाटेल. डोळे मिटून फटका मारून चेंडू आखूड गेला की पुढे, हे डोळे उघडण्याआधी मोठ्याने सांगण्याचाही सराव करावा. ज्याचा अंदाज बरोबर येऊ लागतो त्याच्या हाताला वेग समजू लागलेला असतो. अखेरची पाच मिनिटे एकाच चेंडूने, तीन फुटांवरून, होलच्या चारही बाजूंनी. एवढे करून पहिल्या टीकडे निघावे.

वेग दिवसभर सारखा राहत नाही. सकाळच्या दवात चेंडू अडखळतो, ऊन वर आले की ग्रीन कोरडे होऊन वेगवान होते, आणि दुपारनंतर गवत वाढले की पुन्हा मंदावते. उष्ण हवामानातल्या ग्रीनवर बर्म्युडासारखी गवते असतात आणि त्यांची पाती एका दिशेला झुकलेली असतात. पट ज्या दिशेने मारायचा त्या दिशेने पाहताना गवत चकाकते दिसले तर चेंडू पात्यांच्या ओघात जाईल आणि लांब धावेल; गवत गडद, निस्तेज दिसले तर पाती समोरून येत आहेत, थोडा जास्त जोर लागेल.

ग्रीन वाचणे

ग्रीनवर पाऊल ठेवण्याआधी, दुरून चालत येतानाच पूर्ण ग्रीन कोणत्या बाजूला कलले आहे ते पाहावे. जवळ गेल्यावर मोठा कल दिसेनासा होतो. ग्रीनवर बादलीभर पाणी ओतले तर ते कोठून बाहेर पडेल, असा प्रश्न स्वतःला विचारावा. नंतर चेंडूच्या मागून आणि रेषेच्या खालच्या बाजूने, एवढ्या दोनच जागांवरून पाहावे. खालच्या बाजूने पाहिल्यास उतार अधिक स्पष्ट दिसतो. रेषेच्या मध्यावर बाजूला उभे राहून कोणत्या पायावर अधिक भार येतो हे जाणवून घ्यावे; डोळे फसतात तेथे तळपाय अनेकदा खरे सांगतात.

होलजवळच्या शेवटच्या तीन-चार फुटांचा उतार सर्वाधिक काळजीने पाहावा, कारण चेंडू तेथे सर्वांत हळू असतो आणि सर्वांत जास्त वळतो. मग चेंडूच्या पुढे फूट-दीड फुटावर, आपल्या रेषेत येणारा एखादा वेगळा दिसणारा गवताचा ठिपका निवडावा आणि त्या ठिपक्यावरून सरळ पट मारावा. घरचे दार अर्ध्या मीटरवर ठेवायला सांगितले ते याचसाठी: वळण उतार करतो, आपण फक्त चेंडू त्या ठिपक्यावरून सोडायचा असतो. नवशिके जवळजवळ नेहमी वळण कमी धरतात आणि त्यांचा चेंडू होलच्या खालच्या बाजूने जातो. शंका असेल तर वळण थोडे अधिक धरावे. वरच्या बाजूने गेलेला चेंडू निदान होलकडे येत असतो.

कॅडी, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणारा मदतनीस, सोबत असेल तर त्याला जरूर विचारावे. "साहेब, दिसतं त्यापेक्षा जास्त उतार आहे, हलक्या हातानं मारा," असे तो म्हणाला तर ते ऐकावे, कारण त्या ग्रीनवर तो आपल्यापेक्षा शेकडो पट अधिक चाललेला असतो. वाचन एकदा ठरले की ते बदलू नये. नियमपुस्तक एका फटक्यासाठी चाळीस सेकंदांहून जास्त वेळ घेऊ नये असे सुचवते, आणि चेंडूवर वाकून उभे राहिल्यावर मनात आलेला दुसरा विचार बहुधा पहिल्यापेक्षा वाईट असतो.

ग्रीनवरचे नियम

चेंडू उचलण्याआधी त्याच्या लगेच मागे नाणे किंवा मार्कर ठेवावा. खूण न करता उचलल्यास एका फटक्याचा दंड होतो. उचललेला चेंडू पुसता येतो. ग्रीनवर चेंडू किंवा मार्कर चुकून हलला तर दंड नाही, तो मूळ जागी ठेवावा. २०१९ च्या नियमांनुसार चेंडू आदळून पडलेले खळगे आणि बुटांच्या खुणा दुरुस्त करता येतात, आणि झेंडा होलमध्येच ठेवून पट मारता येतो. लांबच्या पटाला तो ठेवणे सोयीचे असते. दोन्ही चेंडू ग्रीनवर असताना आपला चेंडू दुसऱ्याच्या थांबलेल्या चेंडूला लागला, तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून खेळायच्या प्रकारात) दोन फटक्यांचा दंड बसतो, म्हणून जवळचा चेंडू आधी उचलायला सांगावे. रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून पट मारता येत नाही. दुसऱ्याच्या रेषेवर पाय देऊ नये आणि तो मारत असताना आपली सावली त्याच्या रेषेवर पडू देऊ नये.

वही

प्रत्येक होलवर दोनच गोष्टी लिहाव्यात: पहिल्या पटाचे अंतर पावलांत, आणि एकूण पट. नुसती पटांची बेरीज फसवी असते, कारण ज्याचे ग्रीनकडे येणारे फटके होलपासून लांब पडतात त्याला अधिक पट लागणारच. तीन पट लागलेल्या होलवर पहिला पट आखूड राहिला की पुढे गेला, हेही एका अक्षराने नोंदवावे. परतीच्या प्रवासात, सातारा ओलांडायच्या आत, वही उघडून पाहावी. पहिले पट बहुतेक आखूड राहिले असतील तर पुढच्या वेळी सराव ग्रीनवर कडेकडे मारण्याचा सराव वाढवावा. पाच फुटांच्या आतले पट चुकले असतील तर दोष घरी दुरुस्त होण्यासारखा आहे, आणि दुसऱ्या दिवशीच्या वीस मिनिटांत दार बाजूला ठेवून फक्त पोलादी पट्टी काढावी.